मिनामाता: कारखाना कसा वाढला आणि पारा खाडीत कसा उतरला

नदीमुख (धागाकर्ता)

मिनामाता हे जपानच्या कुमामोतो प्रांतातलं किनाऱ्यावरचं गाव; तिथल्या रासायनिक कारखान्याच्या पाऱ्याने खाडीतले मासे खाणाऱ्यांना विषबाधा झाली. त्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा १ मे १९५६ पासून सुरू होतं: डॉक्टरांनी अनोळखी आजाराची नोंद केली, मग पारा सापडला, मग खटला. कारखाना तिथे आधीपासून का होता आणि तो एवढा कसा वाढला, हे दोन ओळींत उरकतात. माझ्या मते सगळं त्या वाढीतच दडलेलं आहे, म्हणून हा धागा.

सुरुवात विजेपासून होते. १९०६ साली नोगुची शितागाऊ यांनी कागोशिमा प्रांतात सोगी धबधब्यावर वीजकंपनी काढली. सोन्याच्या खाणींना पुरवून वीज उरायची. उरलेली वीज खपवायची तर विजेची भुकेली वस्तू बनवायला हवी, आणि कॅल्शियम कार्बाइडइतकी विजेची भूक कमी वस्तूंना असते. बंदर, चुनखडी आणि स्वस्त जमीन मिनामातात होती. १९०८ मध्ये वीज आणि कार्बाइड एकत्र करून 'निप्पोन चिस्सो हिर्यो' उभी राहिली. चिस्सो म्हणजे नायट्रोजन, हिर्यो म्हणजे खत. कार्बाइडपासून कॅल्शियम सायनामाइड, त्यापासून अमोनियम सल्फेट. पुढे नोबेओकाला अमोनिया, १९२७ पासून कोरियात हुंगनामचा अवाढव्य प्रकल्प. १९४५ मध्ये जपान हरला आणि कोरियातलं सगळं गेलं. हातात उरला मिनामाता. पन्नाशीच्या दशकात कंपनीला पुन्हा उभं राहायचं होतं ते याच एका कारखान्याच्या जिवावर.

आणि तो कारखाना मुख्यतः जे विकत होता ते म्हणजे ॲसिटाल्डिहाइड आणि त्यापासून होणारी रसायनं. उत्पादन १९३२ साली २१० टन, १९५१ साली सुमारे ६,००० टन, १९६० साली ४५ हजार टनांच्या वर. या तीन आकड्यांवर बोलूया. प्रक्रियेची माहिती असणाऱ्यांनी भर घालावी.

भट्टीवाला

धागा आवडला. प्रक्रियेचं मी लिहितो.

चुना आणि कोक विजेच्या भट्टीत साधारण २,००० अंशांवर तापवला की कार्बाइड मिळतं. कार्बाइडवर पाणी टाकलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि मागे चुन्याचा लगदा राहतो. हा वायू गंधकाम्ल आणि मर्क्युरिक सल्फेटच्या द्रावात सोडतात. पारा इथे उत्प्रेरक आहे, त्याच्या मदतीने ॲसिटिलीन पाण्याचा एक रेणू उचलतं आणि ॲसिटाल्डिहाइड बनतं. त्यापासून ॲसेटिक ॲसिड आणि ऑक्टानॉल. ऑक्टानॉल महत्त्वाचं, कारण प्लॅस्टिक मऊ करणारा डीओपी त्यापासून होतो आणि युद्धानंतर पीव्हीसीचा खप भसाभस वाढत होता.

आता कागदावरचा हिशोब करून बघा. १ टन ॲसिटाल्डिहाइडला शुद्ध कार्बाइड लागतं १.४५ टन. त्यातून सुकवून मोजला तर विरलेला चुना निघतो १.६८ टन. म्हणजे ४५ हजार टन मालामागे किमान ७५ हजार टन चुन्याचा लगदा, तोही कोरडा धरून. बाजारातलं कार्बाइड शुद्ध नसतं, त्यामुळे खरा आकडा याहून जास्त. हा लगदा ते हाचिमान नावाच्या उघड्या तळ्यात सोडायचे. हा पाराही नव्हे, नुसता दिसणारा कचरा. खाडी उथळ होत गेली ती आधी यानेच.

पाऱ्याची गोष्ट वेगळी. उत्प्रेरक संपत नाही असं शाळेत शिकवतात, पण भट्टीवर तो संपतो. ॲल्डिहाइड पाऱ्याच्या क्षाराचा धातू करून टाकतं, गाळ तळाशी बसतो, द्रावाचा जोर कमी होतो. मग जुना द्राव काढायचा, नवा भरायचा. शिवाय थोडासा पारा सेंद्रिय होऊन मिथाइल मर्क्युरी बनतो, तो द्रावातच तयार होतो. समुद्रात जाऊन जंतूंनी केला असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. मिनामातात ती मुख्य वाट नव्हती. विष कारखान्याच्या टाकीतूनच तयार होऊन बाहेर पडत होतं.

शिंपला

एक शंका. पद्धत १९३२ पासूनची, मग आजार पन्नाशीत का? कंपनीचा बचावही हाच होता ना, की 'वीस वर्षं हेच करतोय, आणि देशात इतरही कारखाने हेच करतात'?

भट्टीवाला

शिंपला, हाच होता, आणि ऐकायला पटतोही. पण 'हेच करतोय' हे खरं नव्हतं.

द्रावातला पारा धातू होऊ नये म्हणून सोबत एक ऑक्सिडक घालतात. आधी तो मँगनीज डायऑक्साइड होता. ऑगस्ट १९५१ मध्ये तो बदलून फेरिक सल्फाइड आणलं. ऑक्सिडकाचा जोर घटला आणि द्रावात मिथाइल मर्क्युरी पूर्वीपेक्षा जास्त बनू लागलं. म्हणजे १९५१ नंतर दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या: टनामागे विष, आणि टन. या दोहोंचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे.

दुसरं, हे विष गाळात बसणारं नव्हतं. मिथाइल मर्क्युरी क्लोराइड उडनशील आहे. ॲल्डिहाइडच्या वाफेबरोबर ते वर जातं, ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात पोचतं आणि मनोऱ्याच्या तळाच्या पाण्यात उतरतं. कामगार त्याला नुसता 'ड्रेन' म्हणायचे. दिसायला स्वच्छ पाणी. विषाचा मोठा वाटा त्या स्वच्छ पाण्यातच होता.

गाळमापक

'इतर कारखान्यांना का नाही' याचंही उत्तर १९६५ मध्ये मिळालं. निइगाता प्रांतात आगानो नदीवर शोवा देन्कोच्या कानोसे कारखान्यात हीच पद्धत होती, तिथे तोच आजार. आणि मिनामाताची खाडी बंदिस्त, समोरचा शिरानुई समुद्र बेटांनी वेढलेला. भरती-ओहोटीने पाणी आत-बाहेर होतं, पण गाळ हलत नाही.

सांडपाण्याच्या वाटा नीट लिहितो, कारण मला हा भाग सर्वांत गंभीर वाटतो.

१९५८ पर्यंत ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी ह्याक्केन नावाच्या नाल्यातून खाडीत जात होतं. त्या नाल्याच्या मुखाशी १९५९ मध्ये गाळ तपासला तेव्हा टनामागे २ किलो पारा निघाला. एवढा पारा असेल तर लोक खाण काढतात, आणि पुढे कंपनीने गाळातून पारा परत मिळवण्याचा धंदा केलाही. सप्टेंबर १९५८ मध्ये, खाडीवर संशय वाढल्यावर, हे पाणी हाचिमान तळ्यात आणि तिथून मिनामाता नदीच्या मुखाशी वळवलं. नदीचं मुख खाडीच्या बाहेर, थेट शिरानुई समुद्रावर. काही महिन्यांत नदीमुखाजवळ आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर नवे रुग्ण दिसू लागले. कुणी मुद्दाम प्रयोग मांडला असता तरी इतका नेटका पुरावा मिळाला नसता. नळ जिथे नेला तिथे आजार गेला.

मग डिसेंबर १९५९ मध्ये 'सायक्लेटर' बसवलं. २४ डिसेंबरला उद्घाटन झालं, अध्यक्ष योशिओका किइची यांनी सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. सायक्लेटर ही निवळण टाकी. पाण्यात रसायन मिसळून गढूळपणाचे कण एकत्र करायचे आणि तळाशी बसवायचे, एवढंच तिचं काम. विरघळलेलं मिथाइल मर्क्युरी कण नसल्याने ती त्याला अडवू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ॲसिटाल्डिहाइडचं पाणी त्या वेळी या यंत्रातून जातच नव्हतं. पण लोकांनी 'यंत्र बसलं' एवढं ऐकलं आणि मासे पुन्हा खायला सुरुवात केली. ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी हानी. गढूळ पाणी दिसत होतं तोवर लोक निदान बिचकत तरी होते.

खरा उपाय होता तो म्हणजे मनोऱ्याच्या तळाचं पाणी बाहेर न सोडता परत द्रावात फिरवणं. ते पूर्ण स्वरूपात १९६६ मध्ये झालं.

नदीमुख

गाळमापक, धन्यवाद, ही वाटांची नोंद मला हवीच होती. एक जोड: होसोकावा हाजिमे हे कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख. १ मे १९५६ ची नोंद त्यांचीच. २१ जुलै १९५९ पासून त्यांनी एका मांजराच्या खाण्यावर ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी रोज २० मिली टाकायला सुरुवात केली. मांजर क्रमांक ४००. ७ ऑक्टोबरला ७८ दिवस होत होते. त्या दिवशी मांजराला झटके आले, ते भिंतीवर आपटू लागलं. होसोकावांनी व्यवस्थापनाला सांगितलं. प्रयोग थांबवण्याचा हुकूम आला आणि निकाल बाहेर आला नाही. म्हणजे सायक्लेटरचं पाणी पिऊन दाखवलं तेव्हा मांजर ४०० चा निकाल कंपनीच्या घरात होता. १९७० मध्ये होसोकावांनी आजारपणात इस्पितळाच्या खाटेवरून साक्ष दिली, त्याच वर्षी ते वारले.

वेदनाहीन

वैद्यकीय बाजू लिहितो.

मिथाइल मर्क्युरी आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. रक्तात ते सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि ती जोडी मेथिओनीनसारखी दिसते, म्हणून मेंदूच्या दारावरची यंत्रणा तिला अन्न समजून आत घेते. वारेतही (गर्भाला पोसणाऱ्या अवयवातही) तसंच. मेंदूत काही ठरावीक जागा मरतात: दृष्टीच्या भागाची आतली बाजू, संवेदनेचा आणि हालचालीचा भाग, लहान मेंदू. म्हणून लक्षणं ठरलेली: ओठ आणि हातापायांची टोकं बधिर, नळीतून बघितल्यासारखी आक्रसलेली दृष्टी, तोल जाणं, बोबडं बोलणं, ऐकू कमी येणं. सदऱ्याचं बटण लावता येत नाही, हातातल्या चॉपस्टिक निसटतात. घरच्यांच्या लक्षात आधी या गोष्टी येतात.

१९५६ ते ५८ मध्ये कुमामोतो विद्यापीठ मँगनीज, सेलेनियम, थॅलियम यांच्यामागे फिरत राहिलं, कारण कारखान्याचं पाणी म्हणजे धातूंची खिचडी आणि कंपनी आत काय वापरते ते सांगत नव्हती. मार्च १९५८ मध्ये ब्रिटिश चेतातज्ज्ञ डग्लस मॅकआल्पाइन यांनी रुग्ण पाहिले आणि ही लक्षणं सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेशी जुळतात असं सुचवलं. २२ जुलै १९५९ ला विद्यापीठाने सेंद्रिय पारा जाहीर केला.

शिंपला

तोवर तीन वर्षं मासे विकायला बंदी नव्हती?

करारवाचक

कायद्याने नव्हती. प्रांताने आरोग्य मंत्रालयाला विचारलं, अन्न-स्वच्छता कायद्याखाली बंदी घालता येईल का. सप्टेंबर १९५७ मध्ये उत्तर आलं: खाडीतले सगळेच मासे विषारी आहेत याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येत नाही. कुठल्या पदार्थामुळे हे होतं ते माहीत नसलं तरी मासे खाल्ल्याने होतं हे त्या वेळी माहीत होतं. अन्नातून विषबाधा झाली की आधी ते अन्न थांबवतात, जंतूचं नाव नंतर शोधतात. इथे उलटं झालं.

मच्छीमारांची बाजूही बघा. १९५३ ते १९५७ मध्ये पकड ९१ टक्क्यांनी घसरली. मोदो वस्तीत मांजरं मेली आणि उंदीर इतके माजले की १९५४ मध्ये लोकांनी नगरपालिकेकडे उंदीर मारण्याची मागणी केली. वर्तमानपत्रात ती बातमी छापून आली होती. आजाराची पहिली छापील खूण ती.

आता करार. १९२६ मध्येच मच्छीमार संघाला १,५०० येन 'सांत्वना' म्हणून मिळाले, पुन्हा तक्रार करायची नाही या अटीवर. १९४३ मध्ये १,५२,५०० येन, तशाच अटीवर. म्हणजे सवय तीस वर्षांची होती. ३० डिसेंबर १९५९ चा करार त्याच साच्यातला, फक्त या वेळी माशांऐवजी माणसांचा. प्रौढ रुग्णाला वर्षाला १ लाख येन, मुलाला ३० हजार, मृताच्या कुटुंबाला एकरकमी ३ लाख आणि अंत्यविधीसाठी २० हजार. शब्द 'नुकसानभरपाई' नाही, 'मिमाइकिन', म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना हातावर ठेवायचे पैसे.

कलम ४: कारखाना कारण नाही असं ठरलं तर पैसे त्या महिन्याबरोबर बंद.
कलम ५: कारखानाच कारण आहे असं पुढे ठरलं तरी नवी मागणी करायची नाही.

ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा, आणि मांजर ४०० ऑक्टोबरात, करार डिसेंबरात, हेही आठवा. रुग्णांनी भरलेल्या खटल्यात, २० मार्च १९७३ च्या निकालात कुमामोतो जिल्हा न्यायालयाने हा करार सार्वजनिक नीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरवला. प्रत्येकी १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन, एकूण ९३ कोटी ७० लाख. रासायनिक कारखान्याने सांडपाणी सोडण्यापूर्वी सर्वांत प्रगत ज्ञान वापरून ते तपासायला हवं, आणि धोक्याची शंका आली तर काम थांबवायला हवं, असा निकालाचा गाभा. 'आम्हाला नेमका पदार्थ माहीत नव्हता' हा बचाव तिथेच संपला.

नदीमुख

गाव गप्प का होतं याचंही उत्तर पैशांतच आहे. नगरपालिकेच्या करातला निम्म्याहून जास्त हिस्सा एकेकाळी कंपनी आणि तिच्या कामगारांकडून यायचा, गावातल्या नोकऱ्यांतला चौथा हिस्सा तिचा. १९५० मध्ये महापौर झालेले हाशिमोतो हिकोशिची हे कारखान्याचे माजी प्रमुख, आणि ॲसिटाल्डिहाइडची ती पारावाली पद्धत बसवणारे अभियंतेही तेच. नोव्हेंबर १९५९ मध्ये मच्छीमार कारखान्यात घुसले, मोडतोड केली, तेव्हा गावातल्या बऱ्याच संस्थांनी प्रांताला विनवलं की सांडपाणी थांबवू नका. कामगार संघटनेनेही तेव्हा तीच बाजू घेतली. ऑगस्ट १९६८ मध्ये त्याच संघटनेने 'रुग्णांसाठी आम्ही काही केलं नाही याची आम्हाला लाज वाटते' असा ठराव केला.

वेदनाहीन

तपासणीबद्दल लिहायचं राहिलं. इथे बऱ्याच लोकांची गल्लत होते.

मिथाइल मर्क्युरी शरीरातून साधारण ७० दिवसांत निम्मं होतं. म्हणजे खाणं थांबवल्यावर वर्षभरात ३ टक्क्यांच्याही खाली. मेलेल्या चेतापेशी मात्र परत येत नाहीत. त्यामुळे उशिरा तपासलं आणि पारा सापडला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

केस जास्त उपयोगी. ते महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात आणि रक्तातल्यापेक्षा साधारण २५० पट पारा त्यांत साठतो. मुळापासून कापून १-१ सेंटिमीटरचे तुकडे केले तर महिन्यांची वही मिळते. कापताना मुळाकडचं टोक दोऱ्याने बांधून ठेवायचं, नाहीतर क्रम कळत नाही. मिनामाताच्या रुग्णांत ७०५ पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) आकडे निघाले, लक्षणं नसलेल्या रहिवाशांत १९१ पर्यंत, बाहेरच्या लोकांत सरासरी ४. प्रौढात लक्षणांची सुरुवात ५० च्या आसपास धरतात. १९६० च्या पाहणीत समोरच्या गोशोनोउरा बेटावरच्या एका स्त्रीच्या केसांत ९२० निघाले. बेटावर कारखाना नव्हता. मासे मात्र त्याच पाण्यातले.

केस कापून गेलेल्या वर्षांचं काय? तिथे नाळ उपयोगी पडली. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लहानशा लाकडी डबीत, वर नाव-तारीख लिहून जपून ठेवतात. डॉक्टर हाराडा मासाझुमी आणि सहकाऱ्यांनी त्या डब्या घरोघर मागून पारा मोजला. जन्मतारखेप्रमाणे आकडे मांडले तर ते ॲसिटाल्डिहाइडच्या उत्पादनाबरोबर चढतात आणि उतरतात. कंपनीची उत्पादनवही आणि गावातल्या आयांनी ठेवलेल्या डब्या एकच रेघ काढतात. वार विष अडवते असं तेव्हा पुस्तकांत होतं. १९६२ मध्ये १६ मुलांना जन्मजात मिनामाता आजार असल्याचं मान्य झालं तेव्हा ते पुस्तक चुकलं.

शिंपला

मग १९६३ मध्येच कारखान्याच्या गाळात मिथाइल मर्क्युरी सापडलं असेल तर सरकारने १९६८ पर्यंत का थांबावं?

भट्टीवाला

कुमामोतो विद्यापीठाचे इरुकायामा कात्सुरो यांनी फेब्रुवारी १९६३ मध्ये ते जाहीर केलं, बरोबर. पुढच्या पाच वर्षांचं उत्तर माझ्या मते तंत्रज्ञानात आहे. सरकारला उद्योग कार्बाइडवरून खनिज तेलावर न्यायचा होता. इथिलीनपासून पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर ॲसिटाल्डिहाइड करणारी नवी पद्धत आली होती, तीत पारा लागत नाही. चिस्सोने चिबा प्रांतात गोई इथे नवा प्रकल्प उभा केला. तो उभा राहीपर्यंत जुन्यातून जमेल तेवढं काढायचं होतं. मिनामाताचं पारावालं उत्पादन १८ मे १९६८ ला थांबलं. सरकारने कारण मान्य केलं २६ सप्टेंबर १९६८ ला. देशात या पद्धतीने ॲसिटाल्डिहाइड करणारा एकही कारखाना उरला नव्हता, मग कबुली आली.

गाळमापक

शेवटी गाळाचं काय झालं ते लिहितो, कारण 'खाडी साफ केली' असं सर्रास म्हणतात.

२५ पीपीएमच्या वर पारा असलेला गाळ ही मर्यादा ठरवली. असा गाळ सुमारे १५ लाख घनमीटर. काम १९७७ ते १९९०, खर्च ४,८५० कोटी येन. सर्वांत खराब भाग, म्हणजे नाल्याच्या मुखाजवळचा, उचललाच नाही; पोलादी पत्र्यांचे गोल कोठे ठोकून तो जागीच कोंडला. बाकीचा गाळ ढवळू न देता पंपाने ओढून त्या कोंडलेल्या भागात टाकला. वर कृत्रिम धाग्याची चादर, त्यावर ज्वालामुखीची राख, त्यावर डोंगराची माती. अशी ५८ हेक्टर जमीन झाली, आज तिथे बाग आहे. पकडलेले दूषित मासेही पिंपांत भरून त्याच भरावात पुरले. गाळ नाहीसा झालेला नाही, तो पत्र्याच्या भिंतीमागे आहे आणि पोलाद खाऱ्या पाण्यात गंजतं. भिंतीची जाडी आणि शेजारच्या पाण्यातला पारा मोजत राहणं हे काम कायमचं आहे.

दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडावर १९७४ ला लावलेली जाळी १९९७ ला काढली. माशांतला पारा एकूण ०.४ आणि मिथाइल ०.३ पीपीएमच्या खाली आल्यावर. पण जहाजांसाठी जाळ्यात वाट मोकळी ठेवावी लागायची, आणि माशांना ती दिसत होती.

करारवाचक

पैशांचा शेवटचा हिशोब. कंपनीला एवढी भरपाई झेपेना म्हणून १९७८ पासून कुमामोतो प्रांताने रोखे काढून तिला कर्ज दिलं. प्रमाणित, म्हणजे अधिकृतपणे मान्य झालेले, रुग्ण २,२०० च्या वर. १९७७ च्या निकषांत एकापेक्षा जास्त लक्षणं एकत्र असावी लागत, त्यामुळे हजारो अर्ज फेटाळले. १९९५ मध्ये अप्रमाणित लोकांना २६ लाख येन प्रत्येकी, २००९ च्या कायद्याने २१ लाख. १५ ऑक्टोबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्र आणि प्रांत दोघांनाही जबाबदार धरलं: १९५९ संपेपर्यंत त्यांच्या हातात सांडपाणी रोखण्याचे कायदे होते आणि ते वापरले नाहीत. २०११ मध्ये कंपनीने धंदा जेएनसी या नव्या कंपनीत हलवला, चिस्सो भरपाई देण्यापुरती उरली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त संवेदना गेलेल्या एका मृत स्त्रीला रुग्ण मानलं.

शिंपला

नाळेच्या आकड्यांचा आलेख वर्षवार कुणाकडे असेल तर उत्पादनाच्या आकड्यांशेजारी मांडून इथे टाका. १९५१ चा ऑक्सिडक बदल त्यात वेगळा दिसतो का ते बघायचं आहे.

वेदनाहीन

टाकतो. फक्त एक लक्षात ठेवा: जन्मतारीख लावताना आईने मासे खाल्लेले महिने मागे न्यावे लागतात. नाळेत गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांचा पारा असतो, म्हणून १९५२ च्या जानेवारीत जन्मलेल्या बाळाची नाळ १९५१ च्या शरदातल्या मासळीबद्दल बोलते. तारीख तशी सरकवल्याशिवाय बदल दिसला किंवा नाही दिसला, दोन्ही निष्कर्ष कच्चे.